हान शिन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनमध्ये चारशे वर्षे टिकलेल्या हान घराण्याची गादी ज्याच्या लढायांवर उभी राहिली, तो सेनापती म्हणजे हान शिन. त्याच्याबद्दल खऱ्या गोष्टींइतक्याच दंतकथाही फिरतात. खालची उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्याचे सैन्य घेऊन लढला, आणि सैन्य जरा तयार झाले की ते काढून घेतले जायचे. त्याचे डावपेच आणि त्याचा शेवट, दोन्ही इथून उलगडतात.

हा नेमका कोणत्या काळातला?

इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरचा. छिन राज्याने इ.स.पू. 221 मध्ये सगळा चीन एका छत्राखाली आणला, 210 मध्ये पहिला सम्राट वारला आणि पुढच्याच वर्षी बंडे पेटली. त्या धुमश्चक्रीतून शेवटी दोघे उरले : छू प्रांताचा श्यांग यू आणि हानचा राजा लिऊ बांग. हान शिन आधी पहिल्याकडे होता, मग दुसऱ्याकडे गेला. त्याचे जन्मसाल कुठेही नोंदलेले नाही. इंटरनेटवर दिसणारे इ.स.पू. 231 हे मागाहून बांधलेला अंदाज आहे. मृत्यू मात्र पक्का, इ.स.पू. 196. आपल्याकडे त्या सुमारास मौर्य साम्राज्य उतरणीला लागले होते.

नावात ‘हान’ आहे, म्हणजे तो हान राजघराण्यातला का?

नाही. देवनागरीत दोन्ही ‘हान’ सारखे दिसतात, पण चिनी लिपीत अक्षरे वेगळी आणि उच्चाराचा सूरही वेगळा. आडनावातला ‘हान’ चढत्या सुरात, घराण्याचा ‘हान’ उतरत्या सुरात.

त्याहून मोठा घोटाळा पुढे आहे. त्याच काळात, त्याच लिऊ बांगच्या बाजूने, याच नावाचा दुसरा एक माणूस होता : जुन्या हान संस्थानाच्या (हा आडनावातला ‘हान’) राजघराण्यातला. तो पुढे उत्तरेकडच्या श्योंगनू टोळ्यांना जाऊन मिळाला, आणि मेलाही त्याच वर्षी, इ.स.पू. 196 मध्ये. म्हणून इतिहासकार त्याला ‘हानचा राजा शिन’ म्हणतात आणि आपल्या सेनापतीला ‘ह्वायइनचा सरदार’. श्योंगनूंकडे पळून गेलेला हान शिन वाचनात आला, तर तो हा नव्हे.

ही सगळी माहिती येते कुठून आणि ती कितपत खरी?

मुख्य आधार एकच : सिमा छ्येनने साधारण शंभर वर्षांनी लिहिलेला ‘शिजी’ हा इतिहासग्रंथ. त्याचे 92 वे प्रकरण पूर्णपणे हान शिनवर आहे. सिमा छ्येन स्वतः ह्वायइनला, हान शिनच्या गावी, गेला होता. गावकऱ्यांनी त्याला सांगितले की, आईला पुरायला पैसे नव्हते तेव्हाही या पोराने उंचावरची, आजूबाजूला दहा हजार घरे वसतील अशी मोकळी जागा निवडली होती. ती कबर त्याने पाहिली.

तरी दोन ठिकाणी जपून वाचावे. सैन्याचे आकडे फुगवलेले असतात. ‘दोन लाख’ म्हणजे त्या बाजूने मिरवलेले दोन लाख. आणि बंद खोलीतली संभाषणे शब्दशः दिलेली दिसली की विचारावे, हे ऐकले कुणी?

सालांचाही एक गुंता आहे. तेव्हाचे सरकारी वर्ष दहाव्या महिन्यापासून सुरू होई, म्हणजे आपल्या हिशेबाने हिवाळ्याच्या तोंडाला. त्यामुळे जिंगशिंगची लढाई एका पुस्तकात इ.स.पू. 205 मध्ये, दुसऱ्यात 204 मध्ये सापडते. चूक कुणाचीच नसते.

तो खरेच एका गुंडाच्या पायांखालून रांगत गेला होता?

‘शिजी’त तसे आहे, आणि गोष्ट त्याच्या सोयीची नसल्याने ती खोटी मानायला फारसे कारण नाही. तरुणपणी तो कफल्लक होता. सरकारी नोकरीसाठी कुणी नाव सुचवेना, व्यापार जमेना. गावच्या एका चौकीप्रमुखाकडे तो काही महिने जेवायला जायचा. बायको वैतागली आणि पहाटेच चूल पेटवून घरच्यांना अंथरुणातच जेवायला घालू लागली. हान शिन वेळेवर पोचला तर भांडी पालथी! मग नदीवर कपडे धुणाऱ्या एका म्हातारीने त्याला बरेच दिवस आपल्या डब्यातले खाऊ घातले. ‘तुमचे उपकार फेडीन’ म्हणाला, तर ती उखडली : फेडीच्या आशेने कोण घालतेय?

खाटिकवाड्यातल्या एका पोराने त्याला भर बाजारात अडवले. मोठी तलवार लटकावून फिरतोस, हिंमत असेल तर मार, नाहीतर माझ्या पायांखालून जा. हान शिनने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि वाकून रांगत गेला. सगळा बाजार हसला.

पुढे छूचा राजा झाल्यावर त्याने तिघांनाही बोलावले. म्हातारीला हजार मोहरांचे इनाम. चौकीप्रमुखाला शंभर नाणी आणि वर टोमणा : चांगले काम अर्ध्यात सोडलेस. आणि त्या गुंडाला शहराच्या बंदोबस्ताचा अधिकारी नेमले.

धान्यकोठाराचा अधिकारी एकदम सरसेनापती कसा झाला?

मधल्या पायऱ्या जवळजवळ नव्हत्याच. श्यांग यूकडे तो भालाईत पहारेकरी होता. सल्ले द्यायचा, कुणी ऐकायचे नाही. इ.स.पू. 206 मध्ये तो लिऊ बांगकडे आला. तिथे कसल्याशा गुन्ह्यात चौदा जणांना देहदंड झाला. तेरा डोकी उडाली, चौदावा हान शिन. त्याने मान वर केली, समोर श्याहोउ यिंग हा अधिकारी दिसला. ‘तुमच्या राजाला जग जिंकायचे नाही का? मग शूर माणूस का मारता?’ श्याहोउ यिंगने त्याला सोडवले आणि कोठारावर नेमणूक मिळवून दिली. तिथे त्याची गाठ पडली प्रधान श्याओ ह याच्याशी.

लिऊ बांगला तेव्हा श्यांग यूने हानजोंगच्या डोंगराळ मुलखात ढकलले होते आणि सरदार रोज पळून जात होते. हान शिनही निघाला. श्याओ हने राजाला न विचारता घोड्यावर त्याचा पाठलाग केला. राजाला बातमी गेली की प्रधानच पळाला; त्याला दोन्ही हात तुटल्यासारखे झाले. एक-दोन दिवसांनी श्याओ ह परतला आणि म्हणाला, बाकीचे सरदार पैशाला पासरी मिळतील, याच्यासारखा दुसरा नाही. शिवाय नुसते सेनापतिपद देऊन तो राहणार नाही. सरसेनापती करा, मुहूर्त पाहा, उपास करा, उंच चौथरा बांधा. समारंभाची बातमी फुटली तेव्हा प्रत्येक सरदार मनात मांडे खात होता. नाव पुकारले गेले आणि सारे सैन्य अवाक झाले.

‘उघड्यावर लाकडी रस्ता दुरुस्त केला आणि गुपचूप छनछांगवर गेला’ हा डाव त्याचाच ना?

अर्धा. हानजोंगला जाताना लिऊ बांगने जांग ल्यांग या सल्लागाराच्या सांगण्यावरून कड्यांना ठोकलेले फळ्यांचे रस्ते जाळले होते, हे खरे. इ.स.पू. 206 मध्येच सैन्य छनछांगमार्गे अचानक बाहेर पडले, हेही खरे. पण दुरुस्तीचे नाटक ‘शिजी’त नाही, ती नंतरच्या नाटककारांची भर.

मोहीम यशस्वी व्हायचे मुख्य कारण रस्ता नव्हताच. तो मुलूख श्यांग यूने शरण आलेल्या तीन छिन सरदारांना वाटला होता, आणि त्यांच्या हाताखाली शरण आलेले दोन लाख छिन सैनिक त्याच श्यांग यूने जिवंत पुरून मारले होते. मुले गेली, सरदार तेवढे वाचले. त्या सरदारांसाठी तिथला शेतकरी कशाला लढेल? हान शिनने आपल्या पहिल्याच भेटीत राजाला हे मांडले होते.

मडक्यांवरून नदी पार केली ती कुठे?

पीत नदीवर, इ.स.पू. 205 मध्ये, वेई राज्याविरुद्ध. वेईच्या राजाने लिनजिनचा घाट अडवून धरला होता. हान शिनने समोरच्या काठावर होड्यांची रांग मांडली, जणू आता निघणार. खरे सैन्य वर श्यायांगला नेले आणि लाकडाला बांधलेल्या मडक्यांच्या सांगडीवरून उतरवले. होड्या हूल द्यायला खर्ची पडल्या होत्या. मडकी गावोगाव मिळत. वेईचा राजा पकडला गेला. आणि लगेच लिऊ बांगने माणसे पाठवून या सैन्यातले निवडक लोक आपल्या आघाडीवर नेले.

जिंगशिंगची लढाई नीट समजावून सांगाल का?

तायहांग डोंगरात, आजच्या शिज्याज्वांग शहराच्या पश्चिमेला, ही खिंड आहे. हान शिन पश्चिमेकडून येत होता आणि जाव राज्याचे सैन्य पूर्वेच्या तोंडाशी तटबंदी करून बसले होते. जावचे म्हणे दोन लाख. याचे काही दहा हजार, त्यातही बरेचसे नवखे.

जावच्या ली ज्वोचे या सरदाराला दुखती नस कळली होती. खिंडीत दोन रथ शेजारून जात नाहीत, घोडेस्वारांची फळी धरत नाही, म्हणजे रसद शेपटीला राहणार. मला तीस हजार माणसे द्या, आडवाटेने जाऊन रसद तोडतो. तुम्ही तटाबाहेर पडू नका, दहा दिवसांत त्याचे डोके आणतो. सेनापती छन यू हा पुस्तकी माणूस. न्यायाच्या सैन्याने कपट करू नये, म्हणाला. हेरांनी ही बातमी आणली तेव्हाच हान शिन खिंडीत शिरला.

तोंडापासून तीस ‘ली’ अलीकडे, म्हणजे बारा-साडेबारा किलोमीटरवर, तळ पडला. मध्यरात्री 2,000 हलके घोडेस्वार निवडले आणि प्रत्येकाच्या हाती एक लाल निशाण दिले. डोंगराआडून जावच्या छावणीवर नजर ठेवा. ते तट सोडून आमच्या मागे धावले की आत शिरा, त्यांची निशाणे उपटा, आपली रोवा. सैन्याला थोडा फराळ वाटला आणि सांगितले, पोटभर जेवण जावला हरवल्यावर. सरदारांनी ‘होय’ म्हटले. विश्वास कुणाचाच नव्हता.

मग 10,000 माणसे पुढे पाठवून नदीला पाठ देऊन उभी केली. जावचे लोक तटावरून पोट धरून हसले. तरी त्यांनी हल्ला केला नाही. का? त्यांना सेनापती हवा होता. त्याचे निशाण आणि नगारे दिसायच्या आधी हात घातला तर तो खिंडीतूनच मागे वळेल, ही त्यांची धास्ती. हान शिनने तीच धरली होती.

उजाडताच तो निशाण उभारून, नगारे वाजवत बाहेर पडला. बराच वेळ झुंज झाली. मग निशाणे-नगारे टाकून तो नदीकाठच्या फळीकडे पळाला. टाकलेली निशाणे लुटायला आणि त्याला पकडायला जावची छावणी रिकामी झाली. मागे पाणी असलेली फळी मात्र हटेना. थकून जावचे सैन्य मागे वळले तर तटावर 2,000 लाल निशाणे! राजा पकडला गेला असे समजून पळापळ झाली. पळणाऱ्यांना कापूनही सरदारांना ती थोपवता आली नाही. छन यू मारला गेला. ली ज्वोचेला मारायचे नाही, जिवंत आणणाऱ्याला हजार मोहरा, अशी ताकीद होती. त्याला आणल्यावर हान शिनने स्वतः दोऱ्या सोडल्या, मानाच्या जागी बसवले आणि पुढे काय करावे ते विचारले.

नदीला पाठ देणे हे युद्धशास्त्राच्या विरुद्ध नाही का?

सरदारांनी त्याच संध्याकाळी हेच विचारले. उत्तर : हेही शास्त्रातच आहे, तुम्ही तिथवर वाचले नाही, मरणाच्या जागी टाकलेले सैन्य जगते. पण त्याने पुढे जोडलेले वाक्य जास्त महत्त्वाचे. ही माझी मुरलेली माणसे नव्हती. बाजारातली माणसे गोळा करून लढायला लावल्यासारखे होते. पळायला वाट ठेवली असती तर सगळी पळाली असती.

म्हणजे हा डाव शौर्याच्या हौसेतला नव्हता, चांगले सैन्य हाती न उरल्यामुळे होता. आपल्याकडे परतीचे दोर कापणे म्हणतात ते हेच. फक्त दोर कापून लढाई जिंकता येत नाही. कोरियाच्या शिन रिप याने 1592 मध्ये जपानी आक्रमणापुढे छुंगजूला नदीला पाठ देऊन सुमारे 8,000 माणसे उभी केली. घाट अडवा असे हाताखालचे सांगत होते. ओल्या जमिनीत घोडे रुतले, समोरून बंदुका चालल्या आणि सैन्य बुडाले. त्याच्याकडे शत्रूच्या पाठीमागे दडवलेले 2,000 स्वार नव्हते. हान शिनची नदी फक्त वेळ काढण्यापुरती होती. घाव घालणारा हात दुसरीकडे होता.

रेतीच्या पोत्यांनी नदी अडवणे शक्य तरी आहे का?

ही वेई नदीवरची (वर आलेल्या वेई राज्याशी हिचा संबंध नाही) लढाई, इ.स.पू. 203 च्या सुरुवातीची, पूर्वेकडच्या छी राज्यातली. समोर छूचा सेनापती लोंग जू. हान शिनने रातोरात दहा हजारांहून जास्त पोती रेतीने भरून वरच्या अंगाला बंधारा घातला. सकाळी अर्धे सैन्य पार नेले, झटापट केली आणि हरल्यासारखे परतला. ‘शिन भित्रा आहे हे मला ठाऊकच होते’ म्हणत लोंग जू पाण्यात उतरला. बंधारा फोडला. सैन्याचा मोठा भाग पलीकडे अडकला, अलीकडे आलेला लोंग जू मारला गेला.

गोणी रचून ओढ्यावर वनराई बंधारा घालणाऱ्यांना यात अशक्य काही वाटणार नाही. पोत्यांचा बांध गळतोच. पण पाणी पूर्ण थांबवायचे नव्हते, खालच्या अंगाला उतार पडेल इतपत तोडायचे होते. हिवाळा होता, पात्र आधीच आटलेले. अवघड भाग वेळेचा : थोडे लवकर फोडले तर शत्रू काठावरच थांबतो, उशीर झाला तर सगळा पार होतो.

लिऊ बांगने त्याचे सैन्य किती वेळा काढून घेतले?

ठळक तीनदा. वेई राज्य जिंकल्यानंतरची वेळ वर आलीच. दुसरी इ.स.पू. 204 च्या उन्हाळ्यात. वेढ्यातून निसटलेला लिऊ बांग एका श्याहोउ यिंगला घेऊन नदी पार करून श्यूवूला आला, रात्री धर्मशाळेत राहिला. पहाटे हानचा दूत म्हणून छावणीत शिरला. हान शिन झोपेत होता. राजाने थेट शयनकक्षात जाऊन शिक्का आणि हुकूमनामे उचलले आणि सरदारांना बोलावून नेमणुका बदलल्या. हान शिन उठला तेव्हा सैन्य त्याचे राहिले नव्हते. छी जिंकायचा हुकूम मिळाला तो जावमध्ये नवी भरती करून. तिसरी वेळ अंतिम विजयानंतर, दिंगथावला.

गमतीचा भाग असा की ज्याच्या डावांपुढे कुणी टिकले नाही, त्याचा स्वतःचा पहारा इतका ढिला होता.

‘हंगामी राजा’चे प्रकरण काय आहे?

छी जिंकल्यावर त्याने निरोप पाठवला : इथले लोक बेभरवशाचे, मला हंगामी राजा नेमा. लिऊ बांग तेव्हा वेढ्यात होता. तो दूतासमोरच शिव्या देऊ लागला. जांग ल्यांग आणि छन फिंग या सल्लागारांनी त्याचा पाय दाबला. राजाने सूर न बदलता शिवी पुढे चालू ठेवली : मर्दाने राज्य जिंकले तर खरा राजा व्हावे, हंगामी कसला! शिक्का पोचला. पण हिशेब मनात राहिला.

गायश्याच्या लढाईत ‘दहा दिशांचा सापळा’ होता का?

ते नाव मागाहूनचे. इ.स.पू. 202 ची, श्यांग यूविरुद्धची ही शेवटची लढाई ‘शिजी’त हान शिनच्या प्रकरणात नाही, लिऊ बांगच्या प्रकरणात चार ओळींत आहे. हान शिन 3,00,000 घेऊन मध्ये, दोन सरदार डाव्या-उजव्या बगलेला, राजा मागे. श्यांग यूकडे सुमारे 1,00,000. हान शिन आधी भिडला, मागे हटला; बगला मिटल्या; तो पुन्हा उलटला. बस्स.

तेव्हा तो स्वतंत्र का झाला नाही?

संधी होती. छीमध्ये असताना ख्वाय थोंग या सल्लागाराने सांगितले, तुम्ही ज्याच्या बाजूला जाल तो जिंकेल, म्हणून कुणाच्याच बाजूला जाऊ नका. चेहरा पाहिला तर सरदारकी दिसते, पाठ पाहिली तर सांगवत नाही इतके भाग्य. श्लेष मराठीतही लागतो : पाठ फिरवा. हान शिन म्हणाला, राजाने मला आपल्या गाडीत बसवले, आपले कपडे घातले, आपल्या ताटातले दिले. ख्वाय थोंगने वेड्याचे सोंग घेऊन काढता पाय घेतला.

आमच्या मते निष्ठेइतकेच आणखी एक कारण होते. जे सैन्य आधीच दोनदा काढून नेले गेले होते, त्याच्या भरवशावर तिसरे राज्य मांडणे सोपे नव्हते.

त्याचा शेवट कसा झाला? बंडाचा आरोप खरा होता?

तोवर सम्राट झालेल्या लिऊ बांगने इ.स.पू. 201 मध्ये छन फिंगच्या सल्ल्याने सहलीचा बहाणा केला आणि भेटीला आलेल्या हान शिनला बांधले. ससा मेला की शिकारी कुत्रा शिजवतात, असे तो म्हणाला. आपली ‘गरज सरो, वैद्य मरो’ त्याच जातीची. छीच्या बदल्यात मिळालेले छूचे राजेपद गेले, सरदारकी उरली. राजधानीत तो आजाराचे निमित्त करून घरीच बसे.

एकदा सम्राटाने विचारले, मी किती सैन्य चालवू शकेन? एक लाख. आणि तू? जितके जास्त तितके बरे. मग माझ्या हाती कसा सापडलास? तो म्हणाला, तुम्ही सैनिक चालवत नाही, सेनापती चालवता.

इ.स.पू. 196 मध्ये सम्राट छन शी या सरदाराचे बंड मोडायला बाहेर होता. एका नोकराच्या भावाने सम्राज्ञी ल्वीकडे चहाडी केली की हान शिन कैदी आणि गुलाम सोडवून राजवाड्यावर हल्ला करणार आहे. श्याओ हने, ज्याने त्याला परत आणले होते त्यानेच, विजयाच्या अभिनंदनाला या असा निरोप पाठवला. छांगल राजवाड्याच्या घंटाघरात त्याला मारले आणि नातलगांच्या तीन शाखा संपवल्या. कटाचे मूळ संभाषण साक्षीदार दूर पाठवून झाले होते, असे ‘शिजी’च सांगतो. छीचे अख्खे राज्य हाती असताना न उठलेला माणूस सुटलेल्या कैद्यांना घेऊन उठेल, हे पटणे कठीण. बातमी ऐकून सम्राटाला आनंदही झाला आणि हळहळही वाटली.

‘हान शिनची सैनिकमोजणी’ हे गणित कसे करतात?

सैनिक तीन-तीन, पाच-पाच, सात-सात असे उभे करून फक्त उरलेले मोजायचे. समजा तिनांत 2 उरले, पाचांत 3, सातांत 2. 2 ला 70 ने, 3 ला 21 ने, 2 ला 15 ने गुणा : 140, 63, 30, बेरीज 233. 105 जितक्यांदा वजा होतील तितक्यांदा करा, उरतात 23. सैन्य हजार ते अकराशेच्या मधले आहे हे डोळ्यांनी दिसत असेल, तर 23 मध्ये 105 दहादा मिळवा : 1,073. तीन, पाच, सातच्या रांगांनी 105 पर्यंतचीच खूण पटते, म्हणून अंदाज त्याहून जास्त चुकला तर उत्तरही चुकते.

कोडे जुने चिनी आहे, हान शिनचे नाव त्याला मागाहून चिकटले. आपल्याकडे अशाच उदाहरणांना कुट्टक म्हणतात; भास्कराचार्यांच्या लीलावतीत ते आहेत.

त्याने ग्रंथ लिहिला का? आज काही पाहायला मिळते?

जांग ल्यांगबरोबर त्याने युद्धशास्त्राचे 182 ग्रंथ चाळून 35 निवडले, अशी नोंद आहे. त्याच्या स्वतःच्या नावावर तीन प्रकरणे होती, ती हरवली. चिनी बुद्धिबळ त्याने शोधले ही लोककथा.

ह्वायआन शहरात त्या धुणाऱ्या म्हातारीचे देऊळ आहे आणि पायांखालून रांगल्याच्या जागेचा म्हणून एक पूलही दाखवतात. लढाई समजून घ्यायची असेल तर मात्र जिंगशिंगचा जुना दगडी रस्ता पाहावा. शतकानुशतकांच्या गाड्यांनी खडकात खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत, आणि त्या एकाच गाडीच्या रुंदीच्या आहेत.